नवीन रिलीजची सूचना आपोआप मिळवण्याची भरवशाची पद्धत कोणती? (डेबियन, फेडोरा, एयूआर)

तांबडीमाती यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

आमच्या गटाकडे वीस-बावीस पॅकेजेस आहेत. बहुतेक डेबियनमध्ये, तीन फेडोरात आणि चार एयूआरवर (आर्च लिनक्सचा वापरकर्त्यांनी चालवलेला पॅकेज संग्रह). त्यांत पायथन लायब्ररी जास्त, दोन सी लायब्ररी, काही देवनागरी फाँट आणि गो भाषेतलं एक कमांड-लाइन साधन. अपस्ट्रीम, म्हणजे मूळ प्रकल्प, सगळीकडे विखुरलेलं आहे: गिटहब, गिटलॅब, पायपीआय, सोर्सफोर्ज.

डेबियनच्या प्रत्येक पॅकेजात ‘डेबियन/वॉच’ फाइल (नवी आवृत्ती कुठे शोधायची ते सांगणारी) आहे, गिटहबवर ‘वॉच’ करून ठेवलंय, तरी पुढच्या अडचणी येतात:

दोन पायथन पॅकेजेसच्या बाबतीत डेबियनच्या पॅकेज ट्रॅकरवर ना ‘नवीन आवृत्ती आहे’ असं आलं, ना काही एरर. अपस्ट्रीमच्या मात्र दोन आवृत्त्या येऊन गेल्या होत्या. एका सी लायब्ररीसाठी स्क्रिप्ट सांगते की सर्वांत नवीन आवृत्ती २०१३०४१२ आहे, प्रत्यक्षात अपस्ट्रीम २.४ वर आहे. गिटहबच्या मेलमध्ये आरसी (रिलीज कँडिडेट) आणि बीटा इतके येतात की खरं रिलीज त्यांत हरवतं.

सगळ्या पॅकेजेसची सूचना एका जागी मिळावी आणि त्यासाठी सर्व्हर भाड्याने घ्यावा लागू नये, अशी अपेक्षा आहे. दुसरं म्हणजे, सूचनेच्या पुढे किती काम यंत्रावर सोडावं? नवी आवृत्ती आली की आपोआप बिल्ड आणि अपलोड, इथपर्यंत जाणं शहाणपणाचं आहे का?

---

डेबसह्याद्री

गोम तुमच्या पहिल्याच अडचणीत आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो.

यूस्कॅन, म्हणजे वॉच फाइल वाचणारी डेबियनची स्क्रिप्ट, त्या फाइलीत दिलेलं पान उघडतो, त्यावरच्या लिंका गोळा करतो, रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये बसणाऱ्या बाजूला काढतो, त्यांतली सर्वांत मोठी आवृत्ती घेतो आणि ‘डेबियन/चेंजलॉग’मधल्या सर्वांत वरच्या नोंदीशी ताडून पाहतो. एकही लिंक जुळली नाही तर तो ओरडतो आणि ती एरर ट्रॅकरवर दिसते. पण जुन्या लिंका जुळत राहिल्या आणि फक्त नव्या सुटल्या, तर त्याच्या लेखी सगळं ठीक असतं. तो जुनीच आवृत्ती सर्वांत नवी म्हणून सांगतो. एरर नाही, सूचनाही नाही.

तुमच्या पायथन पॅकेजेसच्या नावात आडवी रेघ आहे का, ते बघा. पेप ६२५ (पायथनचा एक अधिकृत प्रस्ताव) नुसार सोर्स टारबॉलच्या, म्हणजे सोर्सच्या दाबलेल्या गठ्ठ्याच्या, नावात आडव्या रेघेऐवजी अंडरस्कोर यायला हवा आणि २०२४ मध्ये सेटअपटूल्सने (पायथन पॅकेज बांधणारं साधन) ते पाळायला सुरुवात केली. तेव्हापासून असंख्य प्रकल्पांच्या टारबॉलचं नाव रिलीजागणिक बदलत गेलं. वॉच फाइलीत जुनं नाव जसंच्या तसं लिहिलेलं असेल तर जुने टारबॉल जुळतात, नवे नाही. उपाय एका ओळीचा आहे: नावातल्या रेघेच्या जागी चौकटी कंसात रेघ, अंडरस्कोर आणि टिंब अशी तिन्ही चिन्हं द्या. पायपीआयसाठी थेट त्यांच्या पानाऐवजी ‘पायपीआय.डेबियन.नेट’ हा रीडायरेक्टर वापरा, सोर्सफोर्जसाठी ‘एसएफ.नेट’ने सुरू होणारा पत्ता द्या. तो यूस्कॅन आपणहून क्यूए सर्व्हरच्या रीडायरेक्टरकडे वळवतो.

गिटहबचं दुखणं वेगळं. २०२२ मध्ये त्यांनी ‘रिलीजेस’ पानावरच्या फाइलींची यादी मागाहून जावास्क्रिप्टने भरायला सुरुवात केली. यूस्कॅन जावास्क्रिप्ट चालवत नाही, त्यामुळे त्या पानावर अवलंबून असलेल्या वॉच फाइली निकामी झाल्या. आता तीन वाटा आहेत. ‘टॅग्स’चं पान वाचायचं. किंवा गिटहबची एपीआय ‘सर्चमोड=प्लेन’ देऊन वाचायची; अपस्ट्रीम स्वतः बनवलेला टारबॉल जोडत असेल तर हीच बरी. किंवा ‘मोड=गिट’ वापरायचा. यात यूस्कॅन रेपोला थेट टॅगांची यादी विचारतो, एचटीएमएलच्या भानगडीत पडावं लागत नाही. फक्त टारबॉल तुमच्या मशीनवर तयार होतो, त्यामुळे टारबॉलची वेगळी सही तपासायची सोय उरत नाही. अपस्ट्रीम टॅगवर सही करत असेल तर ‘पीजीपीमोड=गिटटॅग’ जोडा.

आरसीचा प्रश्न ‘यूव्हर्जनमॅंगल’ने (अपस्ट्रीमची आवृत्ती ताडण्याआधी बदलून घेणारा पर्याय) सुटतो. डीपीकेजीच्या (डेबियनचं पॅकेज साधन) क्रमवारीत १.०आरसी१ हे १.० पेक्षा मोठं ठरतं. चुकून तुम्ही १.०आरसी१ अपलोड केलंत तर खरं १.० आल्यावरही यूस्कॅन गप्प राहील. टिल्ड (~) मात्र सगळ्यांच्या आधी लागतं, म्हणून आकडा आणि आरसी, बीटा, अल्फा, प्री यांच्या मध्ये टिल्ड घालणारा नियम लिहा. १.०~आरसी१ हे १.० पेक्षा लहान. शंका आली की ‘डीपीकेजी --कम्पेअर-व्हर्जन्स’ चालवून खात्री करा.

ज्या पॅकेजातून काही फाइली वगळून टारबॉल पुन्हा बांधला आहे, तिथे डेबियनची आवृत्ती २.१+डीएफएसजी असते आणि अपस्ट्रीमची २.१. ‘डीव्हर्जनमॅंगल=ऑटो’ दिलं नाही तर यूस्कॅनला वाटतं की अपस्ट्रीमच मागे आहे. सोबत ‘रिपॅकसफिक्स=+डीएफएसजी’ द्या आणि वगळायच्या फाइली ‘डेबियन/कॉपीराइट’मध्ये ‘फाइल्स-एक्स्क्लुडेड’ खाली लिहा, म्हणजे दर वेळी हाताने बांधावं लागणार नाही.

२०१३०४१२ चं कारण जुना टॅग. कोणे एके काळी अपस्ट्रीमने तारखेवरून आवृत्ती दिली असेल, नंतर २.० वगैरे सुरू केलं. दोन कोटींच्या घरातला आकडा २.४ पेक्षा मोठाच ठरणार. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये पहिला भाग एक ते तीन अंकांचा आणि त्यानंतर निदान एक टिंब सक्तीचं करा.

दुरुस्तीनंतर ‘यूस्कॅन --नो-डाउनलोड --व्हर्बोज’ चालवा. जुळलेल्या सगळ्या लिंका आणि त्यांतून काढलेल्या आवृत्त्या तो छापतो. शेवटची ओळ वाचून उठू नका. अपस्ट्रीमचं पान शेजारी उघडून ताजं रिलीज त्या यादीत आहे की नाही, ते डोळ्यांनी बघा. दर रिलीजला हे दोन मिनिटांचं काम केलं तरी बरंच वाचतं.

स्क्रिप्टमध्ये यूस्कॅन घालणाऱ्यांसाठी: त्याचा एक्झिट कोड उलटा वाटतो. नवी आवृत्ती सापडली तर ०, न सापडली तर १. ‘सेट -ई’ लावलेली स्क्रिप्ट पहिल्याच अद्ययावत पॅकेजाशी थांबते. ‘--डेह्स’ देऊन एक्सएमएल घ्या आणि ते वाचा.

वॉच फाइलीची आवृत्ती ५ सुद्धा आली आहे. तिच्यात एका ओळीतल्या पर्यायांच्या गर्दीऐवजी कंट्रोल फाइलीसारखी एकाखाली एक फील्ड असतात आणि गिटहब, पायपीआयसारख्या ठिकाणांसाठी तयार साचे मिळतात. नवं पॅकेज असेल तर तिथूनच सुरुवात करा. जुनी सावकाश बदला.

आणि तुमचे फाँट. लोहित देवनागरीसारखे फाँट पूर्वी फेडोराहोस्टेडवर होते. पुण्यातल्या रेड हॅटच्या लोकांनी त्यांवर वर्षानुवर्षं काम केलंय. ती सेवा १ मार्च २०१७ ला बंद झाली आणि प्रकल्प पॅग्योरवर गेला. फाँटची रिलीज क्वचितच येतात, त्यामुळे पत्ता मेल्याचं कोणाच्या लक्षात येत नाही. क्वचित रिलीज होणाऱ्या पॅकेजांच्या वॉच फाइली वर्षातून एकदा तरी हाताने तपासायलाच हव्यात.

---

आरपीएम_पैठण

फेडोरापुरतं सांगतो. इथे वॉच फाइल नसते, हे काम अनित्य नावाची सेवा करते. ‘रिलीज-मॉनिटरिंग.ऑर्ग’ हे तिचंच ठिकाण. तीन गोष्टी जुळल्या नाहीत तर सूचना येणार नाही, आणि बहुतेक वेळा दुसरी किंवा तिसरी राहून गेलेली असते.

एक, अनित्यमध्ये प्रकल्पाची नोंद हवी: मुख्यपृष्ठ, बॅकएंड (गिटहब, पायपीआय, गिटलॅब वगैरे) आणि आवृत्तीची पद्धत. पद्धत आरपीएम, सिमॅंटिक किंवा कॅलेंडर. वर्ष-महिना पद्धतीच्या प्रकल्पाला भलतीच पद्धत लावली की क्रम बिघडतो. दोन, त्या प्रकल्पाचं फेडोरातल्या पॅकेजाशी मॅपिंग हवं. पायथनमध्ये अपस्ट्रीमचं नाव ‘फू’ आणि पॅकेजचं ‘पायथन-फू’ असतं, ते यंत्राला आपणहून कळत नाही. तीन, ‘एसआरसी.फेडोराप्रोजेक्ट.ऑर्ग’वर त्या पॅकेजाच्या पानावर मॉनिटरिंग चालू हवं. तिथे नुसती सूचना किंवा सूचनेसोबत स्क्रॅच बिल्ड, असा पर्याय निवडता येतो.

तिन्ही जुळलं की फेडोरा मेसेजिंगवर संदेश जातो. ‘द-न्यू-हॉटनेस’ नावाची सेवा तो ऐकते आणि बगझिलात (फेडोराची बगांची नोंदवही) ‘अमुक-१.२.३ इज अव्हेलेबल’ अशी नोंद करते. आधीची नोंद उघडीच असेल तर नवी न करता तिच्यातच भर घालते. म्हणून काम झालं की नोंद बंद करा. कितीही जुनी नोंद उघडी राहिली तरी पुढची सूचना तिच्याच तळाशी जाऊन बसते आणि नजरेतून सुटते.

बीटा-आरसीसाठी प्रकल्पाच्या नोंदीतच ‘प्री-रिलीज व्हर्जन फिल्टर’ आहे. वगळायचे शब्द अर्धविरामाने वेगळे करून लिहायचे.

याच्या पुढे जायचं तर पॅकिट ही सेवा. डिस्ट-गिटमध्ये (फेडोरातला पॅकेजाचा रेपो) पॅकिटची फाइल ठेवून ‘पुल_फ्रॉम_अपस्ट्रीम’ हे काम लावलं की अनित्यच्या सूचनेवरून नव्या आवृत्तीची पुल रिक्वेस्ट तयार होते. अपस्ट्रीम तुमच्याच हातात असेल तर त्या रेपोतून ‘प्रपोझ_डाउनस्ट्रीम’. दोन्हींत विलीन करणं तुमच्याकडेच राहतं, आणि ते तसंच असू द्या.

---

कोकणरेल

“सगळं एका जागी” यासाठी एनव्हीचेकर हे आवृत्त्या तपासणारं साधन. आर्चच्या लोकांनी ते मोठं केलं, अधिकृत आर्च पॅकेजांच्या रेपोतही आता ‘.एनव्हीचेकर.टॉमल’ असते आणि ‘पीकेजीसीटीएल व्हर्जन चेक’ ती वाचतं. पण ते कुठल्याही डिस्ट्रोला बांधलेलं नाही. वीस पॅकेजांसाठी एक टॉमल फाइल पुरते.

वरच्या ‘कॉन्फिग’ विभागात दोन जेसन फाइलींचे पत्ते द्यायचे: ‘ओल्डव्हर’ आणि ‘न्यूव्हर’. पहिलीत तुम्ही पॅकेज केलेली आवृत्ती, दुसरीत अपस्ट्रीमची. त्याखाली प्रत्येक पॅकेजाचा विभाग. ‘एनव्हीचेकर’ चालवलं की न्यूव्हर भरते, ‘एनव्हीसीएमपी’ दोहोंतला फरक दाखवतं, पॅकेज अद्ययावत केल्यावर ‘एनव्हीटेक’ने ती नोंद ओल्डव्हरमध्ये न्यायची. ‘एनव्हीटेक --ऑल’ उत्साहात चालवू नका. न केलेली पॅकेजेसही झाली म्हणून नोंदली जातात आणि त्यांची सूचना तिथेच संपते.

गिटहबसाठी ‘लेटेस्ट रिलीज’ घ्यायचं की ‘मॅक्स टॅग’, हा विचार पॅकेजागणिक करावा लागतो. ‘लेटेस्ट’मध्ये ड्राफ्ट आणि प्री-रिलीज आपोआप गळतात, हे चांगलं. पण प्रकल्प जुन्या शाखेचीही रिलीज काढत असेल, म्हणजे २.०.१ नंतर १.८.९, तर ‘लेटेस्ट’ची खूण कधीकधी १.८.९ वर जाते. शिवाय अनेक प्रकल्प नुसते टॅग टाकतात, रिलीज करतच नाहीत. अशा ठिकाणी मॅक्स टॅग. मग गाळणं तुमच्यावर आलं, आणि नवखे इथेच अडकतात: ‘इन्क्लूड_रेजेक्स’ आणि ‘एक्स्क्लूड_रेजेक्स’ यांना टॅगचं पूर्ण नाव जुळावं लागतं. एक्स्क्लूडमध्ये नुसतं ‘आरसी’ लिहिलंत तर काहीही गळत नाही, दोन्ही बाजूंना टिंब-तारा हवा. ही गाळणी ‘प्रीफिक्स’ काढण्याच्या आधी लागते, म्हणून टॅगच्या सुरुवातीचं ‘व्ही’ रेजेक्समध्येही धरा.

टोकन वेगळ्या ‘कीफाइल’मध्ये ठेवा, टॉमलमध्ये नाही. टोकनाशिवाय गिटहबची एपीआय ताशी ६० विनंत्या देते, टोकनासह ५,०००. साठ पुरेशा वाटतात, पण ती मर्यादा आयपी पत्त्यावर असते. कॉलेज किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर इतरांनी ती आधीच संपवलेली असते. टोकन नकोच असेल तर ‘सोर्स’ म्हणून गिटहबऐवजी ‘गिट’ द्या. तो थेट रेपोचे टॅग विचारतो, एपीआय मोजणीत येत नाही.

तुमच्या गो साधनाकडे लक्ष द्या. गोच्या मॉड्यूल प्रॉक्सीवर नजर ठेवली असेल तर प्रकल्प २.० वर गेल्यावर त्याचा मॉड्यूल पत्ताच बदलतो, शेवटी ‘/व्ही२’ लागतं. जुना पत्ता आयुष्यभर १.एक्सच दाखवेल. म्हणजे पायथनच्या नावाचीच तऱ्हा, पुन्हा एररशिवाय. गोसाठी गिटचे टॅग बघा.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. सूचना न येण्याची कारणं दोन: रिलीज झालं नाही, किंवा तपासणी मेली. दोन्ही बाहेरून अगदी सारखीच दिसतात. म्हणून बिघाडाचीही सूचना आलीच पाहिजे. एनव्हीचेकरला ‘--फेल्युअर्स’ द्या, एका जरी पॅकेजाची तपासणी फसली तर तो कोड ३ ने बाहेर पडतो. त्यावर मेल लावा. दुसरं, यादीत असा एक प्रकल्प घाला जो तुमचा नाही पण ज्याची रिलीज ठरलेल्या लयीत येतात. लिनक्स कर्नेलची स्टेबल मालिका उत्तम. दोन-तीन आठवडे कर्नेलचीसुद्धा सूचना आली नाही तर समजा की टायमर, टोकन किंवा मेल यांपैकी काहीतरी बंद पडलंय. तिसरं, रेपॉलॉजी. तिथे मेंटेनरच्या मेल पत्त्यावरून पान मिळतं आणि त्याची अॅटम फीडही. रेपॉलॉजी मुख्यतः इतर डिस्ट्रोंमध्ये काय आहे ते पाहून ‘जुनं’ ठरवते, अपस्ट्रीमला थेट विचारत नाही. त्यामुळे ती उशिरा सांगेल, पण तुमच्या वॉच फाइलीतली चूक तिला लागत नाही. उलटतपासणीसाठी तिच्याइतकं सोपं काही नाही.

चालवायला सिस्टमडीचा यूजर टायमर पुरतो. रोज एकदा, ‘रँडमाइज्डडिलेसेक’ दोन तास, ‘पर्सिस्टंट=ट्रू’ म्हणजे लॅपटॉप बंद असताना चुकलेली फेरी सुरू झाल्यावर होते. ‘लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर’ विसरलात तर लॉगआउट होताच टायमर थांबतो.

एयूआरबद्दल: तिथे कोणीही ‘आउट-ऑफ-डेट’ खूण लावली की मेल येतोच, पण तो वापरकर्त्यांच्या सजगतेवर अवलंबून. आवृत्ती बदलल्यावर ‘अपडीपीकेजीसम्स’ चालवा आणि ‘.एसआरसीइन्फो’ नव्याने काढा. ती जुनी राहिली तर एयूआरच्या पानावर आणि हेल्परांना जुनीच आवृत्ती दिसते.

---

तांबडीमाती

फार उपयोगी. दोन्ही पायथन पॅकेजांच्या नावात रेघ आहे आणि टारबॉल अंडरस्कोरने येतायत, म्हणजे निदान बरोबर आहे.

दोन पुरवणी प्रश्न. लॅपटॉपऐवजी एनव्हीचेकर गिटहब अॅक्शन्सवर रोज सकाळी चालवला तर काय सांभाळावं? आणि आपोआप अपलोडबद्दल कोणी सांगेल का?

---

मुळशी७

अॅक्शन्सवर चालतं, पुढचं लक्षात ठेवा.

‘शेड्यूल’चा क्रॉन यूटीसीत असतो. आपली वेळ साडेपाच तास पुढे. सकाळी ७ वाजून १७ मिनिटांनी हवं असेल तर क्रॉनमध्ये मिनिट ४७, तास १. मुद्दाम विचित्र मिनिट घेतलंय, कारण पूर्ण तासाला सगळ्या जगाची कामं एकदम सुटतात आणि तुमचं उशिरा लागतं, कधी गळतंही.

सार्वजनिक रेपोत ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर गिटहब ठरलेल्या वेळेची कामं बंद करून टाकतं. सूचनांचा रेपो नेमका असाच शांत असतो. न्यूव्हरची जेसन फाइल दर बदलाला त्याच रेपोत कमिट करा, म्हणजे नोंदही टिकते आणि हालचालही राहते. ती फाइल अॅक्शन्सच्या कॅशमध्ये ठेवू नका. सात दिवस न वापरलेली कॅश पुसली जाते आणि मग सगळी पॅकेजेस एकदम ‘नवीन’ म्हणून येतात.

प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी रेपोत एक इश्यू उघडा, शीर्षकात पॅकेज आणि आवृत्ती. उघडण्याआधी तेच शीर्षक शोधा, नाहीतर रोज एक नवा इश्यू पडेल. मेलपेक्षा हे बरं, कारण गटात कोणी काम घेतलं ते दिसतं. आणि वर्कफ्लोला मिळणाऱ्या आपसूक टोकनाने पुल रिक्वेस्ट काढलीत तर तिच्यावर तुमच्या चाचण्या आपोआप सुरू होत नाहीत. काम दुसऱ्या कामाला अखंड जन्म देत राहू नये म्हणून ती अडवणूक मुद्दाम आहे. त्यासाठी वेगळं अॅप टोकन लागतं.

---

सी_लायब्ररीकर

आपोआप अपलोड करू नका. सूचना, शाखा, बिल्ड, चाचण्या, फरकाचा अहवाल हे सगळं यंत्राला द्या, अपलोडचं बटण माणसाकडे ठेवा. निक्सपॅकेजेससारख्या प्रचंड संग्रहातही बॉट पुल रिक्वेस्ट काढतो, बिल्डचा निकाल जोडतो, आणि माणूस ती बघतो.

कारण एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या प्रकल्पाचं उदाहरण अजून ताजं आहे. ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्या फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये आल्या. सही वैध होती, कारण सही करणारा सहमेंटेनरच घातपाती होता. बॅकडोअर जागा करणारी ‘बिल्ड-टू-होस्ट.एम४’मधली ओळ गिटमध्ये नव्हतीच, फक्त टारबॉलमध्ये होती. लपवलेला मजकूर मात्र चाचण्यांच्या फाइलींच्या रूपात गिटमध्येही बसला होता. डेबियन अनस्टेबल, फेडोरा रॉहाइड, आर्च, टंबलवीड असं सगळीकडे ते पोचलं. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड यांनी जाहीर केलं, तेही एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून त्यांनी खोदलं तेव्हा. सूचना यंत्रणेने तिथे आपलं काम चोख केलं होतं. नवी आवृत्ती आली, सही जुळली, बिल्ड झाली.

म्हणून सही तपासणं आवश्यक, पण पुरेसं नाही. अपस्ट्रीमची की ‘डेबियन/अपस्ट्रीम/सायनिंग-की.एएससी’मध्ये ठेवा. की बदलल्याची एरर आली तर नवी की आणून एरर मिटवायची घाई नको. जुन्या कीने नवीवर सही केली आहे का, घोषणा एकाहून अधिक ठिकाणी आहे का, ते बघा.

टारबॉल आणि टॅग यांची तुलना स्क्रिप्टमध्ये बसवा. टॅगवरून ‘गिट आर्काइव्ह’ने झाड काढायचं, टारबॉल शेजारी उलगडायचा आणि ‘डिफ -आर’. कॉन्फिगर आणि मेकफाइल.इन यांसारख्या तयार होणाऱ्या फाइली वेगळ्या दिसणारच, त्या ‘ऑटोरीकॉन्फ’ने स्वतः पुन्हा तयार करा. उरलेल्या प्रत्येक फरकाला कारण सापडलं पाहिजे. एम४ फाइली ‘तयार झालेल्या’ समजून वगळू नका, एक्सझेडची मेख तिथेच होती.

गिटहबच्या आपोआप तयार होणाऱ्या टारबॉलची हॅश कायमची धरून चालू नका. जानेवारी २०२३ अखेर गिटच्या आतल्या जीझिपमुळे दाबण्याची पद्धत बदलली, आतला मजकूर तोच असूनही हॅश बदलल्या आणि जगभर बिल्ड अडल्या. गिटहबने तो बदल लगेच मागे घेतला. अपस्ट्रीमने स्वतः जोडलेला टारबॉल असेल तर तोच घ्या, आणि वर सांगितलेली तुलना करा.

तुमच्या दोन सी लायब्ररींसाठी आणखी एक फाटक हवं. नव्या आवृत्तीत सोनेम (लायब्ररीची सुसंगतता सांगणारं आतलं नाव) बदललं का? बदललं असेल तर पॅकेजचं नाव बदलतं, डेबियनमध्ये ट्रान्झिशन (अवलंबून असलेली पॅकेजेस नव्यावर नेणं) लागतं आणि अपलोड आधी एक्स्पेरिमेंटलमध्ये जातो. सोनेम तेच असूनही एखादं फंक्शन गायब झालं असेल तर ते जास्त वाईट. ‘डीपीकेजी-जेनसिम्बल्स’ हरवलेलं सिम्बल पकडतं, ‘एबीआयडिफ’ स्ट्रक्चरच्या रचनेतले बदलही दाखवतं. या लायब्ररीवर अवलंबून असलेली पॅकेजेस ‘रॅट’ने पुन्हा बिल्ड करून बघा.

आणि परवाना. रेडिसने मार्च २०२४ मध्ये बीएसडी सोडून ७.४ पासून वेगळे परवाने लावले, डेबियन किंवा फेडोरात चालणार नाहीत असे. नुसता आकडा बघणाऱ्या यंत्राला ७.२ वरून ७.४ हा साधा बदल वाटतो. परवान्याच्या फाइली आणि प्रत्येक फाइलीच्या डोक्यावरचा मजकूर यांचा फरक अहवालात सर्वांत वर येऊ द्या. ‘लायसन्सचेक’ जुन्या आणि नव्या झाडावर चालवून दोन्ही निकालांचा डिफ घेतला की काम होतं.

---

अपस्ट्रीम_सांगली

अपस्ट्रीमच्या बाजूने थोडं, कारण निम्म्या अडचणी आमच्याकडून जातात.

टॅग आधी ढकलला आणि टारबॉल सीआयने (आपोआप बिल्ड-चाचण्या करणारी यंत्रणा) वीस मिनिटांनी जोडला, तर मधल्या वेळात आलेल्या तपासणीला आवृत्ती दिसते आणि डाउनलोडला ४०४ मिळतो. गिटहबवर रिलीज आधी ड्राफ्ट ठेवा, फाइली आणि सह्या जोडून झाल्या की मग प्रसिद्ध करा. पॅकेज करणाऱ्यांनीही ४०४ आला तर लगेच बग न टाकता पुढच्या फेरीपर्यंत थांबावं.

टॅगचं नाव एकाच साच्यात ठेवा. कधी ‘व्ही१.२’, कधी ‘१.२’, कधी ‘रिलीज-१.२’ असं केलं की प्रत्येक डिस्ट्रोतल्या कोणाला तरी रेजेक्स बदलावं लागतं. आरसीला प्री-रिलीजची खूण लावा. एका रेपोत अनेक घटक असतील तर घटकाचं नाव टॅगमध्ये आधी द्या.

प्रसिद्ध झालेला टॅग हलवू नका. चूक राहिली तर १.२.१ काढा, आकडे फुकट आहेत.

---

तांबडीमाती

टॅग हलवल्याचा मुद्दा आमच्या एका अपस्ट्रीमला तंतोतंत लागू आहे, ते तसं करतात. ते आपल्या बाजूने पकडता येतं का? आवृत्ती तर तीच राहते.

---

कोकणरेल

येतं. एनव्हीचेकरच्या सध्याच्या नोंद-फाइलीत आवृत्तीबरोबर गिट रेफ आणि रिव्हिजन ही फील्डही असतात, गिट आणि गिटहब सोर्स ती भरतात. एनव्हीसीएमपी आवृत्तीच बघतो, म्हणून दहा ओळींची वेगळी स्क्रिप्ट लिहा: ओल्डव्हर आणि न्यूव्हर उघडायच्या, आवृत्ती तीच पण रिव्हिजन वेगळी अशी पॅकेजेस काढायची आणि त्यांचा इश्यू वेगळ्या लेबलने उघडायचा. अॅनोटेटेड टॅगच्या बाबतीत रिव्हिजन म्हणून टॅगची हॅश मिळतेय की कमिटची, ते एकदा ‘गिट एलएस-रिमोट --टॅग्स’ने पडताळून घ्या. तिथे कॅरेट आणि महिरपी कंस असलेली ओळ कमिटची असते. नुसता टॅग पुन्हा सही करून टाकला असेल तर टॅगची हॅश बदलते, कमिटची नाही, आणि तेव्हा पॅकेज पुन्हा बांधायची गरज नसते. कमिट बदलली असेल तर डिफ बघून अपस्ट्रीमला विचारा आणि नवा आकडा मागा.